आठवडाभर डोंगरात: खाप्याहून पचमढी, वाटेत टेनेरिफ

1. नवतप्यातला प्रश्न

मे महिन्याच्या शेवटी नवतपा लागला की खाप्यात दुपारी बारानंतर रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. कन्हानच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळू जास्त, कूलरच्या टाकीत पाणी ओतता ओतता हात दुखतात आणि रात्री गच्चीवर अंथरूण टाकलं तरी फरशी पाठीला चटका देते. 23 मे 2013 रोजी नागपूरचा पारा 47.9 अंशांवर गेला होता, आणि खापा तिथून पस्तीसेक किलोमीटरवर. अशा दिवसांत घराघरांत एक प्रश्न हमखास निघतो: आठवडाभर कुठं तरी थंड, डोंगराच्या जागी जाऊन यायचं का?

मग मतं येतात. आजी म्हणते, मोठ्या महादेवाला, म्हणजे पचमढीला चला. वडील म्हणतात, चिखलदरा बरा, आपल्याच राज्यात आहे. कॉलेजात जाणारा मुलगा मोबाइल पुढे धरतो. त्यात निळा समुद्र, त्यामागे उभा डोंगर आणि डोंगराच्या टोकावर बर्फ. स्पेनचं टेनेरिफ बेट.

मुलाला हसण्याचं कारण नाही. वरकरणी या तीन जागांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण सुटी आखताना तिन्ही ठिकाणी तेच चार-पाच प्रश्न सोडवावे लागतात, आणि तिन्ही ठिकाणी माणसं तीच चूक करतात. नकाशा उघडून किलोमीटर मोजतात. डोंगरात सर्वांत कमी उपयोगाचं माप तेच. किती चढायचं, वारा कोणत्या अंगाने येतो आणि सोबत कोणाचे गुडघे आहेत, हे आधी कळलं की बाकीचं बरंचसं आपोआप ठरतं.

2. वर गेलं की थंड का?

डोंगराचा माथा सूर्याच्या जवळ असतो, मग तो जास्त तापायला हवा. शाळेतली मुलं ही शंका विचारतात आणि मोठी माणसं विचारायला लाजतात. जवळ म्हणजे किती? सूर्य आपल्यापासून सुमारे पंधरा कोटी किलोमीटरवर आहे. त्यात एक किलोमीटर कमी झाल्याने काही बिघडत नाही. फरक पडतो तो हवेमुळे.

सायकलच्या चाकाचा वॉल्व्ह दाबून पाहावा. आतून सुटणारी हवा बोटाला गार लागते. दाबातून मोकळी झालेली हवा पसरते, आणि पसरताना स्वतःजवळची उष्णता खर्च करते. डोंगरावर चढणाऱ्या हवेचं तसंच होतं. जमिनीलगत वरच्या सगळ्या हवेचा भार तिच्यावर असतो. ती जसजशी वर जाते तसतसा भार कमी होतो, ती पसरते आणि थंड होते. सरासरीने हा उतार दर हजार मीटरला साडेसहा अंश सेल्सिअस धरतात.

हा आकडा घेऊन खाप्याचं गणित मांडता येतं. खापा समुद्रसपाटीपासून ढोबळमानाने 300 मीटरवर, पचमढीचं पठार 1067 मीटरवर. फरक साधारण 770 मीटर, म्हणजे पाच अंश. खाप्यात 43 असेल तर पचमढीत 38 च्या आसपास यायला हवं. प्रत्यक्षात गर्द झाडीमुळे ते बहुधा आणखी एक-दोन अंशांनी उतरतं. ऐकायला हे फार वाटत नाही, आणि दुपारी ते फार नसतंच. मे महिन्यात पचमढीला दुपारी स्वेटर लागेल या आशेने जाणारा हिरमुसतो. खरी मजा रात्री. वर हवा विरळ असते, आकाश मोकळं असतं आणि जमीन दिवसभराची ऊब पटकन सोडून देते. खाप्यात पहाटे तीनला पंखा गरम हवा फेकत असतो, तेव्हा तिकडे पांघरूण ओढून घ्यावंसं वाटतं.

चिखलदऱ्याची उंची 1100 मीटरच्या घरात आहे. म्हणजे थंडाव्याच्या बाबतीत पचमढी आणि चिखलदरा यांच्यात निवडण्यासारखं काही नाही. घरोघरी होणारा 'कुठं जास्त थंड' हा वाद इथेच मिटवायला हरकत नाही.

उंचीचे आणखी दोन पुरावे प्रवासात फुकट मिळतात. खाप्यात घेतलेलं वेफर्सचं पाकीट पचमढीला पोचेपर्यंत टम्म फुगतं, कारण बाहेरचा हवेचा दाब जवळपास नऊ टक्क्यांनी घटलेला असतो आणि आतली हवा तेवढीच असते. आणि भाड्याच्या खोलीत स्वतः स्वयंपाक करणाऱ्यांची डाळ उघड्या पातेल्यात शिजता शिजत नाही, कारण तिथे पाणी शंभरऐवजी साडेशहाण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. सोबत कुकर न्यावा.

उन्हाची गोष्ट मात्र उलटी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार दर हजार मीटर चढलं की त्वचा भाजणारे अतिनील किरण दहा टक्क्यांच्या आसपास वाढतात. गार वाऱ्यात ऊन कळत नाही आणि संध्याकाळी मान लाल झालेली असते. टोपी, दुपट्टा थंडीतही लागतो.

3. वारा कोणत्या अंगाने येतो

आता मोबाइलमधल्या बेटाकडे जाऊ, कारण डोंगर आणि वाऱ्याचं नातं समजायला टेनेरिफसारखी सोपी जागा क्वचितच मिळेल.

आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यापासून काहीशे किलोमीटरवर स्पेनची कॅनरी बेटं आहेत. त्यांतलं सर्वांत मोठं टेनेरिफ: क्षेत्रफळ सुमारे 2034 चौरस किलोमीटर, आणि मधोमध तेइदे नावाचा 3715 मीटर उंच ज्वालामुखी. साऱ्या स्पेनमध्ये याहून उंच शिखर नाही. अक्षांश पाहिले तर बेट जवळजवळ दिल्लीच्या रेषेत येतं; पण भोवतालच्या थंड सागरी प्रवाहामुळे तिथे ना दिल्लीचा उन्हाळा, ना दिल्लीची थंडी.

या बेटावर वर्षातला बराच काळ वारा ईशान्येकडून येतो. समुद्रावरून ओलावा घेऊन आलेली हवा तेइदेच्या रांगेला अडते, वर चढते, थंड होते आणि तिच्यातल्या वाफेचे ढग होतात. त्यामुळे उत्तरेचा उतार हिरवागार. तिथल्या आनागा डोंगरात सदाहरित लॉरेलचं जुनं जंगल आहे, जे बऱ्याच अंशी धुक्याच्या पाण्यावर जगतं. डोंगर ओलांडून दक्षिणेला उतरणारी हवा मात्र कोरडी झालेली असते. म्हणून दक्षिण किनारा उघडा, निवडुंगांचा आणि भरपूर उन्हाचा. एकाच बेटावर सकाळी उत्तरेला ढगाखाली चहा घ्यावा आणि गाडीने तासाभरात दक्षिणेला लख्ख उन्हात उतरावं, असं होतं. 'टेनेरिफला हवा कशी आहे?' हा प्रश्नच अर्धवट आहे. कोणत्या अंगाला, आणि किती उंचीवर, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

या गोष्टीची किंमत बेटाने एकदा फार मोठी मोजली आहे. उत्तरेकडचा लोस रोदेओस हा विमानतळ सहाशे मीटरहून अधिक उंचीवर, नेमका ढग अडकतात त्या पट्ट्यात बांधलेला. 27 मार्च 1977 रोजी तिथल्या दाट धुक्यात दोन बोइंग 747 विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि 583 माणसं गेली. विमानवाहतुकीच्या इतिहासात एवढी माणसं घेणारा दुसरा अपघात नाही. धुकं हे त्यामागचं एकमेव कारण नव्हतं, संदेशांतला गोंधळही होता. पण पुढच्याच वर्षी बेटाच्या दक्षिणेला, कोरड्या अंगाला, दुसरा विमानतळ सुरू झाला. सुटीवर जाणारे बहुतेक लोक आता तिथेच उतरतात.

सातपुड्यात हेच सूत्र, फक्त वारा वेगळा. नैऋत्येचा मोसमी वारा आणि बंगालच्या उपसागरावरून सरकत येणारे कमी दाबाचे पट्टे, दोन्ही या रांगांना येऊन धडकतात. नागपुरात वर्षाला साधारण अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो. पचमढीत तो दोन हजारांच्या घरात जातो, म्हणजे जवळपास दुप्पट. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये पचमढीला जाणाऱ्याने एक सौदा समजून घ्यावा. धबधबे भरभरून मिळतील, सूर्यास्त मिळणार नाही. धूपगडच्या माथ्यावर तीनशे माणसं छत्र्या घेऊन पश्चिमेकडे तोंड करून उभी असतात आणि समोर पांढऱ्या भिंतीशिवाय काही नसतं, हे दृश्य पावसाळ्यात नेहमीचं.

4. आठवडा म्हणजे किती दिवस?

सात. असं वाटतं खरं.

खाप्याहून पचमढी छिंदवाड्यामार्गे सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. सावनेर, मग सौंसर, मग सिल्लेवानीचा घाट चढून छिंदवाडा, पुढे परासिया, तामिया, मटकुली आणि शेवटचा पचमढीचा घाट. समृद्धी महामार्गावर एवढं अंतर अडीच तासांत कापणारा माणूस इथेही तोच हिशेब लावतो आणि फसतो. घाटात गाडी ताशी तीस-पस्तीसच्या वर जात नाही आणि जाऊही नये. तामियापुढे रस्ता जंगलातून जातो. मागच्या सीटवरच्या कोणाला तरी वळणांनी मळमळतं आणि गाडी थांबते. चहा, जेवण, मुलांचे थांबे धरून सात तास लागतात.

म्हणून सोपा नियम: सपाट रस्त्याला दर पन्नास किलोमीटरला एक तास, घाटाला दर पंचवीस किलोमीटरला एक तास, आणि लहान मूल किंवा म्हातारं माणूस सोबत असेल तर येणाऱ्या बेरजेत आणखी पाव हिस्सा. या नियमाने जाण्याचा एक दिवस आणि येण्याचा एक दिवस पूर्ण गेला. हाती राहिले पाच. त्यांतला एक शरीराला सवय व्हायला आणि कपडे वाळवायला जातो. म्हणजे चार.

टेनेरिफचं गणित याहून कडक. नागपूरहून थेट विमान नाही. मुंबई किंवा दिल्ली, तिथून युरोपातलं एखादं शहर आणि मग बेट. जाताना दीड-दोन दिवस आणि येताना तेवढेच विमानात आणि विमानतळांवर जातात. आठवड्याची सुटी घेऊन गेलेल्याला बेटावर चार दिवस मिळाले तर त्याचं नशीब. एवढ्या खर्चात चार दिवस ही उधळपट्टी आहे. तिकडे जायचं तर दोन आठवडे काढावेत.

5. दोन्ही ठिकाणं एकाच फेरीत?

हा मोह विदर्भातल्या प्रत्येक घराला होतो. 'आता निघालोच आहोत तर येताना चिखलदराही करून येऊ.' करू नये. पचमढीहून चिखलदरा म्हणजे सातपुड्यातून खाली उतरायचं, बैतूल जिल्हा ओलांडायचा आणि परतवाड्याकडून पुन्हा घाट चढायचा. त्यात एक अख्खा दिवस जातो, आणि शेवटी माणूस पुन्हा त्याच उंचीवर, त्याच थंडाव्यात येऊन उभा राहतो.

चिखलदरा कमी प्रतीचा आहे असा याचा अर्थ नाही. तो दोन-तीन दिवसांचा आहे, एवढंच. गाविलगडाचा किल्ला एका सकाळचा ऐवज आहे. डिसेंबर 1803 मध्ये आर्थर वेलस्लीने तो भोसल्यांकडून घेतला, तोच वेलस्ली ज्याने पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. भीमकुंड आणि पंचबोल पाहावेत, गवळ्यांकडची रबडी खावी, सेमाडोहला मेळघाटच्या जंगलात एक रात्र काढावी. शनिवार-रविवारला जोडून एक रजा टाकली की हे सगळं होतं. आठवडाभराची सुटी त्यासाठी खर्च करू नये.

पचमढी आठवडा पचवते, आणि त्याला कारण तिथला दगड. चिखलदरा दख्खनच्या काळ्या कातळावर बसलेला आहे. पचमढी वालुकाश्मावर. वालुकाश्म उभ्या भेगांत फुटतो, पाण्याने कोरला जातो आणि पावसाचं पाणी पोटात साठवून हळूहळू सोडतो. त्यामुळे एवढ्याशा पठारावर तीनशे फूट खोल हांडी खोह आहे, जटाशंकरसारख्या थंड गुहा आहेत, कड्यावरून सुटणारा रजत प्रपात आहे आणि पावसाळा संपून महिने लोटले तरी झुळझुळणारे झरे आहेत. कॅप्टन जेम्स फॉर्सिथने 1862 मध्ये इथे बायसन लॉज बांधला. पुढे मध्य प्रांताचं सरकार उन्हाळ्यात नागपूरहून इथे मुक्कामाला येऊ लागलं. म्हणजे नवतप्यात नागपूरहून पचमढीला पळण्याची परंपरा खुद्द सरकारने घालून दिलेली आहे.

मुक्काम मात्र एकाच ठिकाणी ठेवावा. रोज सामान बांधून नव्या खोलीत जाणाऱ्याचा दररोज अर्धा दिवस बॅगांच्या चेनमध्ये जातो. पचमढीतली सगळी ठिकाणं गावापासून तासाभराच्या आत आहेत. एका मुक्कामाच्या नियमाला अपवाद एकच, तो पुढे येईल.

6. गुडघ्यांचा हिशेब

1892 मध्ये विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने डोंगरातल्या चालीचा एक हिशेब दिला, जो आजही वापरात आहे. सपाटीवर तासाला पाच किलोमीटर धरायचे, आणि त्यात दर सहाशे मीटर चढाला एक तास मिळवायचा.

पचमढीच्या चौरागडाला तो लावून पाहू. बडा महादेवच्या गुहेपासून चौरागडच्या देवळापर्यंतची वाट चार किलोमीटर धरू आणि चढ तीनशे मीटर. चार किलोमीटरला 48 मिनिटं, तीनशे मीटर चढाला 30. एकूण एक तास अठरा मिनिटं. हे झालं तिशीतल्या, रोज चालणाऱ्या माणसाचं. शेवटी हजाराहून जास्त पायऱ्या आहेत. घरच्यांसोबत जाताना हा आकडा दुप्पट करावा, आणि उतरायला चढण्याइतकाच वेळ ठेवावा, कारण गुडघे चढताना कुरकुरत नाहीत, उतरताना कुरकुरतात. म्हणजे सकाळी सातला निघालेलं कुटुंब माथ्यावर तासभर थांबून दीडच्या सुमारास खाली. त्या दिवशी दुसरं काही ठेवू नये.

देऊळ आणि धबधबा यांच्यात एक फरक असतो, तो आधी ध्यानात घ्यावा. देवळाला माणूस ताजातवाना असताना चढतो आणि दमल्यावर उतरतो. धबधब्याला आधी मजेत उतरतो आणि दमल्यावर चढतो. बी फॉलला मुलं उड्या मारत शेकडो पायऱ्या उतरतात, पाण्यात तासभर खेळतात आणि मग वर यायच्या वेळी वडिलांच्या खांद्यावर चढतात. आजीने बी फॉलला वरूनच नमस्कार करावा आणि दुपार जटाशंकरसाठी राखावी. तिथेही पायऱ्या आहेत, पण बेताच्या, आणि आत भर उन्हाळ्यात गार असतं.

जंगलखात्याच्या हद्दीतल्या ठिकाणांना स्वतःची गाडी चालत नाही. बायसन लॉजजवळच्या खिडकीवर परवाना काढून भाड्याची जिप्सी घ्यावी लागते. भाडं माणशी नसतं, गाडीमागे असतं. दोघांनी घेतली तर महाग पडते, सहा जणांनी घेतली तर स्वस्त. एकट्यादुकट्याने खिडकीवरच दुसरं कुटुंब शोधावं. तिथे नागपूर, वर्धा, अमरावतीकडचं कोणी ना कोणी भेटतंच आणि दहा मिनिटांत ओळखही निघते.

7. केव्हा जावं

मे महिन्यात प्रश्न पडतो, म्हणून मे महिन्यातच जायला हवं असं नाही. उन्हाळ्यात धबधब्यांची धार बारीक होते, खोल्यांचे दर चढतात आणि दुपारच्या थंडाव्याचं गणित वर मांडलंच आहे. डिसेंबर-जानेवारीत पारा चार-पाच अंशांपर्यंत, कधी त्याहूनही खाली येतो. खाप्याच्या माणसाला ते सोसत नाही. पहाटेच्या जिप्सीत कानटोपी घालून बसलेलं कुटुंब फोटोत छान दिसतं, प्रत्यक्षात एकमेकांवर खेकसत असतं.

दोन काळ विदर्भातल्या माणसाला सांगायला नकोत. महाशिवरात्रीला चौरागडावर त्रिशूळ घेऊन जाणाऱ्यांची रीघ लागते, आणि त्यांत विदर्भातली माणसं मोठ्या संख्येने असतात. नवस फेडायला काही जण क्विंटलच्या हिशेबातले त्रिशूळ खांद्यांवर आळीपाळीने घेत चढवतात. दुसरा काळ नागपंचमीच्या आधीचा. तेव्हा नागद्वारीची वाट उघडते. ती सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातून जाते आणि वर्षात जेमतेम दहा दिवसच खुली असते. पाऊस, चिखल, निसरडे दगड, लोखंडी शिड्या, आणि वाटेत विदर्भातल्या मंडळांचे भंडारे. यात्रा म्हणून जायचं असेल तर हेच दिवस. सुटी म्हणून जायचं असेल तर हे दिवस टाळावेत. दोन्ही एकदम साधायला जाणाऱ्याला खोली मिळत नाही आणि दर्शनही धड होत नाही.

उरलेला उत्तम काळ म्हणजे ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबर. पाऊस थांबलेला, झरे वाहते, आकाश धुतलेलं, आणि 1 ऑक्टोबरपासून व्याघ्र प्रकल्पाच्या सफारीही सुरू झालेल्या. दिवाळीची सुटी यात बसते. भाऊबीज उरकून निघावं.

8. पाच माणसांचा आठवडा

समजा, खाप्यातलं एक घर. नवरा-बायको, दहा आणि पंधरा वर्षांची दोन मुलं आणि सत्तरीची आजी. स्वतःची गाडी.

पहिल्या दिवशी सगळा घाट एका दमात चढायचा नाही. सकाळी सातला निघून सौंसरच्या अलीकडे-पलीकडे नाश्ता, वाट थोडी वाकडी करून जामसावळीच्या निजलेल्या मारुतीचं दर्शन. हा पट्टा मध्य प्रदेशातला, 2023 पासून पांढुर्णा जिल्ह्यात गेलेला, पण बोली, संत्र्याच्या बागा आणि पोळ्याचा थाट सगळा आपलाच. छिंदवाड्यात बादल भोई आदिवासी संग्रहालय पाहावं. गोंड आणि भारिया लोकांच्या वस्तू आधी पाहिल्या तर पुढचा मुलूख ओळखीचा वाटतो. रात्री तामिया. एकाच मुक्कामाच्या नियमाला अपवाद म्हटला तो हा. तामियाही हजार मीटरच्या वर आहे, त्यामुळे दुसऱ्या सकाळी ताज्या डोळ्यांनी पाताळकोट दिसतो. घोड्याच्या नालीच्या आकाराची ही दरी हजार-बाराशे फुटांहून खोल, तळाशी भारियांचे पाडे. सकाळी लवकर गेलं तर दरीत ढग भरलेले असतात आणि आपण त्यांच्या वर. टेनेरिफला तेइदेच्या वाटेवर लोक हेच पाहायला पैसे मोजतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी पचमढी. संध्याकाळी फक्त बाजार आणि तळं.

तिसरा दिवस आजीचा: पांडव गुंफा, जटाशंकर, दुपारी झोप. चौथा जिप्सीचा: हांडी खोह, प्रियदर्शिनी, बडा महादेव, गुप्त महादेव आणि शेवटी 1352 मीटरवरच्या धूपगडावर सूर्यास्त. सातपुड्यातलं सर्वांत उंच टोक ते. पठारापासून आणखी 285 मीटर वर, म्हणजे जवळजवळ दोन अंश थंड, आणि वर वारा. आजीची शाल गाडीत विसरू नये.

पाचवा दिवस बी फॉलचा, सहावा चौरागडचा. आजी आणि धाकटा बडा महादेवाजवळ थांबतील, बाकीचे तिघं वर जातील. पंधरा वर्षांच्या मुलाला नेस्मिथचं गणित घड्याळ लावून तपासायला सांगावं. चढताना कुरकुर कमी होते. सातव्या दिवशी नाश्ता करून निघालं की अंधार पडता पडता खापा.

या सगळ्यात एक दिवसही पावसासाठी किंवा कोणाच्या तापासाठी राखलेला नाही, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आलं असेल. राखायचा झाला तर पाचवा सोडावा. बी फॉल राहिला तर मुलं रुसतील. चौरागड राहिला तर आजी.

9. आणि खरंच टेनेरिफ?

मुलाच्या मोबाइलमधलं बेट अशक्य कोटीतलं नाही. पासपोर्टचं प्रादेशिक कार्यालय नागपुरातच आहे. कॅनरी बेटं स्पेनचा भाग असल्याने शेंगेन व्हिसा चालतो. त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. प्रौढांसाठी जून 2024 पासून शुल्क 90 युरो, शिवाय किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालू असायला हवा.

तिथे पोचल्यावर वरचीच सूत्रं वापरायची. ऊन हवं तर मुक्काम दक्षिणेला लोस क्रिस्तियानोसकडे, हिरवाई हवी तर उत्तरेला पुएर्तो दे ला क्रूसकडे. तेइदेला रोपवेने आठ मिनिटांत 2356 मीटरवरून 3555 मीटरवर जाता येतं. किनाऱ्यावर 25 अंश असतील तर हजाराला साडेसहाच्या हिशेबाने वर दोन अंश. चपला घालून गेलेले पर्यटक तिथे कुडकुडताना दिसतात. हवाही समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशच, त्यामुळे दोन जिने चढल्यावर धाप लागते. हृदयविकार असलेल्यांनी खालच्या स्थानकावरच थांबावं. वारा वाढला की रोपवे बंद ठेवतात, म्हणून त्याचं तिकीट मुक्कामाच्या शेवटच्या दिवसाचं कधीही काढू नये. आणि रोपवे संपतो तिथून खऱ्या शिखरापर्यंतच्या पायवाटेला वेगळा परवाना लागतो. रोज ठरावीक माणसांनाच सोडतात, त्यामुळे विमानाचं तिकीट काढण्याआधी त्याची तारीख पाहावी.